डिसेंबरातला आमरस

लग्नाचा मुहूर्त मार्गशीर्षातला असतो आणि जेवण ठरतं श्रावणात. मंगल कार्यालयाच्या दारालगतच्या छोट्या ऑफिसात दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसलेली असतात. टेबलावर लॅमिनेट केलेलं मेन्यूकार्ड. स्टार्टर तीन, भाज्या तीन, स्वीट दोन, एक चाट काउंटर, शेवटी आइस्क्रीम. इतक्या ताटांची हमी, त्यावरची ताटं मोजून. ‘पनीर कुठलं घेऊ या? बटर मसाला, कढई, की मेथी मलई?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘त्या महिन्यात मंडईत काय असेल?’ हे मात्र यजमानही विचारत नाही आणि केटररही. एखादी आजी मध्येच म्हणते, ‘अगं, तेव्हा ओला हरभरा आलेला असेल की.’ सगळे तिच्याकडे कौतुकाने बघतात आणि पुढच्या ओळीला लागतात.

मग मार्गशीर्ष उजाडतो. कार्यालयाच्या फाटकाबाहेर हातगाड्या लागलेल्या असतात. मटाराच्या टच्च शेंगा, पावटा, वालपापडी, लालभडक गाजरं, पाल्यासकट मुळे, हरभऱ्याच्या जुड्या, आवळे, बोरं. महाराष्ट्रात भाजी सगळ्यात चवदार आणि बहुतेक वर्षी सगळ्यात स्वस्त असते ती याच दिवसांत. फाटकाच्या आत मात्र यातलं काहीही पोहोचत नाही. आत आमरस असतो. कोकणात त्या वेळी हापूसच्या झाडांना नुकता मोहोर धरू लागलेला असतो. फळ हाताशी यायला एप्रिल उजाडायचा असतो. तरीही कार्यालयातल्या वाट्या पिवळ्याधमक भरलेल्या. हा रस डब्यातून आलेला असतो. आंब्याच्या गराचे मोठे कारखाने आंध्रातल्या चित्तूरकडे आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरीकडे आहेत आणि तिथे मुख्यतः तोतापुरीचा गर निघतो. उसाच्या हंगामात मोहोरलेल्या झाडाकडे पाठ करून त्याचंच फळ खायचं, हा चमत्कार आहे खरा. पण पाहुणे वाटी संपवतात, तोंड पुसतात आणि त्या रसाबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. वाईट म्हणावा असा तो नसतो. त्याला काही म्हणावं असंच त्यात काही नसतं.

केटरिंगच्या जेवणाबद्दलची नेहमीची तक्रार वेगळी असते. इतक्या माणसांसाठी शिजवायचं म्हटल्यावर चव कशी राहणार, असं लोक म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. चार माणसांची भाजी चारशेंसाठी करायची तर सगळं शंभरपट करून भागत नाही. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने लाखभर स्वयंपाकघरांना हिंमत दिली. पण ते माप घरच्या कढईचं. मोठ्या टोपात पाणी वेगळ्या गतीने आटतं, तळ लागतो तेव्हा वरचा थर अजून अर्धकच्चा असतो, मिठा-तिखटाचं प्रमाण सरळ गुणाकाराने पुढे जात नाही. पालेभाजी तर एवढं पाणी सोडते की ती परतली जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडते. चांगल्या आचाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं. माणसांची संख्या हा त्याच्या धंद्याचाच भाग. तिच्यामुळे तो कधी हरला नाही. जेवण बिघडलं ते त्याला महिना विसरायला लावलं तेव्हापासून.

जानेवारीत आणि जूनमध्ये एकच कार्ड चालवायचं, तर भाज्याही बारमाही लागतात. म्हणून पनीर, बटाटा, ढोबळी मिरची, मका, फ्लॉवर, डब्यातला अननस. या सगळ्यांना एकत्र बांधायला तीन मूळ ग्रेव्ह्या: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी, आणि दोघींच्या मधली पिवळी. त्या आदल्या रात्रीच करून ठेवता येतात. सकाळी लाल ग्रेव्हीत पनीर पडलं की एक भाजी, कोफ्ते पडले की दुसरी, भाज्यांचे चौकोनी तुकडे पडले की तिसरी. कार्डावर नावं तीन, जिभेला चव एक. पाहुण्याला हे नेमकं सांगता येत नाही, पण घरी परतताना तो म्हणतो, ‘जेवण चांगलं होतं हो, पण काय खाल्लं ते आठवत नाही.’

गोठवलेल्या मटाराला मात्र उगीच शिव्या बसतात. शेंग तोडल्याबरोबर दाण्यातल्या साखरेचा पिठूळपणा होऊ लागतो. दोन दिवस ट्रकमध्ये आणि एक दिवस गाडीवर काढलेला ‘ताजा’ मटार म्हणूनच अनेकदा घट्ट आणि फिका लागतो. कारखान्यात तो तोडणीनंतर लवकर उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेला असतो, त्यामुळे गोडवा बऱ्यापैकी टिकतो. तेव्हा दोष फ्रीझरचा नव्हे. हाच मटार बाराही महिने, त्याच लाल ग्रेव्हीत, त्याच पनीरच्या शेजारी येऊन बसतो आणि बाहेर शेंगांचे ढीग लागलेले असतानाही तोच बसतो, हे खटकतं.

बुफेने आणखी एक अट घातली: टिकाऊपणा. जेवण साडेबाराला मांडलं जातं आणि शेवटचा पाहुणा तीनला येतो. तोवर अन्न गरम ठेवायचं, तेही सुरक्षितपणे, म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वर. त्यासाठी झाकणाची स्टीलची भांडी, त्यांच्या पोटात पाणी, खाली जेलच्या पेटत्या डब्या. जंतूंच्या दृष्टीने व्यवस्था उत्तम. मेथीच्या दृष्टीने फाशी. हिरव्या पानातल्या हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा अणू असतो. बराच वेळ उष्णता लागली, त्यात टोमॅटोचा आंबटपणा मिळाला, की तो निसटतो आणि रंग शेवाळी, मग तपकिरी होत जातो. पुरी वाफेने चिवट होते. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसतं. तव्यावरून उतरलेली भाकरी अर्ध्या तासात कडक होऊ लागते. म्हणून भाकरीचा हल्ली ‘लाइव्ह काउंटर’ असतो, आणि तिथे चूल, नऊवारी नेसलेली बाई आणि लांबलचक रांग असं दृश्य असतं. त्या भाकरीबरोबर घ्यायला ठेचा असतो, क्वचित पिठलं असतं. आणि गंमत अशी, की अख्ख्या हॉलमध्ये लोक ताटकळत उभे असतात ते याच एका ठिकाणी.

जुन्या पंगतीचे आचारी हे गणित पुस्तकाविना सोडवून बसले होते. ब्राह्मणी लग्नाचं ठरलेलं ताट आठवून बघावं: मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, जिलबी, मठ्ठा. यात उगीच काहीही नाही. अळूचं फदफदं म्हणजे पालेभाजी खरी, पण तिला रंग गमावण्याची भीतीच नाही. ती मुळात घोटूनच करायची. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळ्याचे तुकडे, गूळ आणि भरपूर चिंच. पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी घसा खवखवू नये म्हणून ती चिंच, आणि चिंच आहे म्हणून भांड्याला कल्हई हवीच. तास-दीड तास मंद विस्तवावर राहिली तर ही भाजी मुरते, बिघडत नाही. मसालेभातही तसाच: वाढायला थोडा उशीर झाला तरी तूप आणि खोबरं त्याला सावरून धरतात. जिलबी कढईतून थेट पाकात आणि पाकातून पानावर. देशावरच्या खेड्यात वांग्या-बटाट्याचा रस्सा, भात आणि बुंदी, एवढंच. गावाची लग्नं जिथे शे-दोनशेंवर थांबत नसत, तिथेही ते जेवण लोक नाव घेऊन आठवतात.

त्या काळाचे गोडवे गाणं इथेच थांबवायला हवं, कारण पंगत ही सगळ्यांना सारखी कधीच नव्हती. कोण कुठल्या ओळीत बसणार हे जातीवरून ठरायचं. बायकांची पंगत शेवटची. तोवर वरण निवलेलं, जिलबी चुरा झालेली. आणि ज्याला आज सगळे ‘साधं घरगुती’ म्हणतात ते करणाऱ्यांसाठी बिलकूल साधं नव्हतं. कडवे वाल आदल्या दिवशी भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे, तेव्हा कुठे बिरडं होतं. शंभर माणसांचं बिरडं म्हणजे अख्ख्या आळीतल्या बायका रात्री दहापर्यंत परातीभोवती. फणस चिरायचा तर हाताला नि विळीला तेल. ओल्या काजूगरांच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, तरीही बायकांनी ते सोलायचे. हंगामाची भाजी म्हणजे निवडण्याची भाजी, आणि निवडणारे हात फुकट मिळत होते.

ते हात आता फुकट मिळत नाहीत, आणि हे चांगलंच झालं. फक्त त्याचा परिणाम मेन्यूकार्डावर काय झाला तेही बघायला हवं. पनीरला सोलायचं नसतं. पनीर निवडावं लागत नाही, त्यात अळी निघत नाही, ते चौकोनी कापून ठेवता येतं. केटररने पनीर निवडलं ते चवीसाठी नव्हे, मजुरीसाठी. कोशिंबीर गेली आणि तिच्या जागी गोल चकत्यांचं ‘ग्रीन सॅलड’ आलं, तेही याच कारणाने: काकडी चोचवायला वेळ लागतो, चकत्या यंत्र करतं.

घरात हे ओझं चार माणसांपुरतं असतं, म्हणून घराला महिना आठवत राहणं परवडतं. हिवाळ्यात मेथीची जुडी आणली, निवडली, धुतली. कढईत तेल, ठेचलेला लसूण, एखादी सुकी मिरची, वरून मेथी, मीठ शेवटी. कढईवर झाकण नाही. दहा मिनिटांत ताटात. हिरवा रंग शाबूत, कडूपणा जिभेच्या कडेला. यात पाककौशल्य म्हणावं असं फारसं काही नाही. सगळी करामत भाजी आणली कधी आणि खाल्ली कधी यांच्यातल्या अंतराची. हॉटेलांना आणि केटररना जे जमत नाही ते इथे आळशी माणसालाही जमतं.

काही भाज्या तर घराबाहेर मिळतच नाहीत. जूनच्या सुरुवातीला, पहिल्या सरींच्या आसपास, ठाण्याच्या आणि दादरच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात. जमिनीतून वर येणारे सुरणाच्या जातीचे हे कोंब काही आठवडेच दिसतात. त्यांना भयंकर खाज. ती मारायला त्याच टोपलीत काकडं नावाची आंबट हिरवी फळं ठेवलेली असतात. काकडं घेतल्याशिवाय शेवळं घेऊ नयेत, हे ती बाईच बजावून सांगते. सीकेपी घरांत शेवळाची कणी होते, कुठे त्यात कोलंबी पडते. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. नारळ, कांदा, मिरची, फार तर भिजवलेली डाळ. याहून जास्त मसाला घातला तर तो भाजीचा अपमान, असं या घरांत मानतात. जुलै संपता संपता यातल्या बऱ्याच टोपल्या दिसेनाशा होतात आणि वर्षभर त्यांची आठवण काढायला लोक मोकळे होतात.

सणांनी तर हे वेळापत्रक धर्माच्या नावाखाली लिहूनच ठेवलं आहे. भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नेम. म्हणजे नांगरटीचं धान्य बाद, आणि परसात-कुंपणावर आपसूक आलेलं तेवढं चालेल. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस, असं सगळं एकत्र, जवळजवळ बिनमसाल्याचं. ही भाजी न आवडणारी मुलं चाळिशीत पोहोचली की तीच हौसेने करायला लागतात, हे अनेक घरांत दिसतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी हरभरा, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, बोरं, वर तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. कुठल्याही पंचतारांकित शेफने ‘सीझनल मेन्यू’ म्हणून मांडावा असा हा ऐवज, आणि तो दरवर्षी कुठलीही जाहिरात न करता लाखो घरांत शिजतो.

भोगीची भाजी केटररलाही सहज सोसेल अशी आहे, हा मुद्दा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. पावटा आणि वांगं वाट बघू शकतात. कूट रस धरून ठेवतं. रंग मुळातच मातकट. जानेवारीच्या लग्नात ती बुफेच्या भांड्यात दोन तास सुखाने राहील. पण ती कार्डावर नाही, कारण कार्ड श्रावणात छापून तयार असतं.

मोठ्या जेवणाला हंगाम सांभाळता येत नाही म्हणणाऱ्यांनी हिवाळ्यात खानदेशात जावं. जळगावकडचं भरताचं वांगं हिरवट, लांबोळकं, कमी बियांचं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोद आणि आसोदा या गावांची वांगी विशेष नावाजलेली. आसोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. थंडीत तिथे भरीत-पार्ट्या होतात, आणि त्या पाच-दहा माणसांच्या नसतात. शेतात वांग्यांचा ढीग पडतो. जाळायला कपाशीच्या काड्या: कापूस वेचून झाला की शेतात उरलेल्या. म्हणजे भाजीच नव्हे, जळणही त्याच हंगामातलं. काड्यांची आच झरकन लागते आणि झरकन विझते. साल करपते, धूर आत शिरतो, गर पाणचट होत नाही. गॅसवर हे जमत नाही, आणि जमतं म्हणणाऱ्याशी तिथे कुणी वाद घालत बसत नाही, त्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत. सोललेली वांगी, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण लाकडी भांड्यात ठेचतात. वर भरपूर तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी, म्हणजे ज्वारीबरोबर उडीद दळलेल्या पिठाची. एका वेळी शेकडो माणसं जेवतात. भाजी एकच असते आणि ‘व्हरायटी नाही’ अशी तक्रार ऐकू येत नाही.

विदर्भात रोडग्यांचं जेवण असंच चालतं: गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वरण, वांग्याची भाजी, तुपाची धार. रायगडात थंडीच्या रात्री पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, ओवा आणि मीठ. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ. हुरड्याने तर शहरालाच शेतात ओढून नेलं. ज्वारीचं कणीस दुधाळ असेपर्यंतच हे खाणं शक्य, मग दाणा टणक होतो. पैसे मोजून, आगाऊ नाव नोंदवून पुण्या-मुंबईची माणसं सकाळी गाड्या काढतात आणि आगटीभोवती बसून लसणाच्या चटणीशी, दह्याशी, गुळाशी गरम दाणे खातात. हेही केटरिंगच आहे की. फक्त इथे तारीख ज्वारी ठरवते. (अलीकडे काही हुरडा केंद्रांवर दुपारच्या जेवणात पनीर दिसू लागलं आहे. त्याचा पाठलाग चुकवणं इतकं सोपं नाही.)

कोकणातली मे महिन्यातली लग्नं या बाबतीत अजून बऱ्यापैकी शहाणी आहेत. फणसाची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, सोलकढी, आणि आमरस, जो त्या महिन्यात खराखुरा झाडावरचा असतो. एकजीव यंत्रातून काढलेला नव्हे. हाताने पिळलेला, मधूनच रेषा लागणारा, चिमूटभर सुंठ आणि वर तूप. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या आचाऱ्याला ‘मेन्यू काय?’ विचारलं तर तो आधी ‘लग्न कधी?’ विचारतो. मुहूर्त मे महिन्याच्या अखेरीस असेल तर काजूगर मिळायची खात्री तो देत नाही, आणि त्याच्या जागी काय होईल ते तिथल्या तिथे सांगतो.

शहरातही थोडी हालचाल आहे. काही केटरर आता कार्डावर एक ओळ कोरी ठेवायला तयार होतात: ‘हंगामी भाजी’. ती लग्नाच्या आठवड्यात मार्केट यार्डात पहाटे जाऊन भरायची. ताटामागे दर किंचित वाढतो, कारण निवडायला दोन माणसं जास्त लागतात, आणि त्या माणसांना आता रोजंदारी द्यावी लागते. डिसेंबरात त्या ओळीत पावटा येतो किंवा गाजर-मटार, फेब्रुवारीत सोलाण्याची उसळ, पावसाळ्यातल्या मुंजीला अळू. त्या दिवशी कुठलं भांडं आधी रिकामं होतं हे वाढप्यांना विचारावं. ते अचूक सांगतात, कारण पुन्हा भरायला त्यांनाच पळावं लागतं. वरणभात, ताक आणि ती हंगामी भाजी, असा त्यांचा बहुतेक वेळचा हिशेब.

यजमानाला हे सगळं पटतं. तो मान डोलावतो, कोऱ्या ओळीवर खूण करतो, डिसेंबरातला आमरस खोडून तिथे गाजराचा हलवा लिहायला सांगतो. मग पेन टोपणात घालता घालता थांबतो, बायकोकडे बघतो आणि केटररला म्हणतो, ‘पण पनीरचं एक असू द्या हो. पोरांसाठी.’